हवेच्या रायफलचा दस्ता घरी घडवताना: हात कुठपर्यंत घालावा?

शिसवी दस्ता (धागाकर्ता)

नमस्कार. माझी मुलगी गेली तीन वर्षे बालेवाडीला दहा मीटर एअर रायफलचा सराव करते. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिच्यासाठी वापरलेली, पण चांगल्या स्थितीतली स्पर्धेची रायफल घेतली. नळी निर्दोष, चाप लोण्यासारखा, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. अडचण एवढीच की ती ज्याने वापरली तो गडी पावणेसहा फुटांचा होता आणि माझी मुलगी तेव्हा जेमतेम पाच फुटांची होती. खांद्याला बट टेकवले की तिची मान पुढे ताणली जायची, गाल दस्त्यावर नीट बसायचा नाही आणि मागच्या डायऑप्टरच्या (बारीक छिद्रातून नेम धरायच्या साईटच्या) छिद्रातून बघण्यासाठी ती डोके वाकडे करायची. तयार बदलता दस्ता परदेशातून मागवायचा तर किंमत रायफलच्या निम्म्याच्या पुढे जात होती. माझे आयुष्य पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने बनवण्याच्या शेडमध्ये, लाकूड घासण्यात गेले असल्यामुळे मी ठरवले की गालाची पट्टी आणि बटचा मागचा भाग घरीच करावा.

पहिली चूक लगेच झाली. ऑगस्टमध्ये भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून शिसवीचा एक देखणा तुकडा आणला, आठवडाभर पंख्याखाली ठेवला आणि कामाला लागलो. गणपतीपर्यंत पट्टी तयार झाली, सगळ्यांनी कौतुक केले, आणि मार्चमध्ये पुण्याची कोरडी हवा लागताच ती मध्यावर कमानीसारखी वाकून तिला टोकाकडून चीर गेली. पॅटर्न शॉपमध्ये शिकाऊ पोराने असे केले असते तर मी त्याला दिवसभर बोललो असतो. दुसरा तुकडा जुन्या पलंगाच्या पायाचा घेतला, ज्याने चाळीस पावसाळे पाहिलेले होते. तो अजून जसाच्या तसा आहे.

दुसऱ्या वेळी लाकडाला हात लावण्यापूर्वी मापे नीट घेतली. बटच्या मागे तीन-तीन मिलिमीटरच्या प्लायच्या चकत्या लावून आणि काढून लांबी ठरवली. गालाच्या जागी पुठ्ठा आणि त्यावर मुलांच्या खेळातली माती थापली. मुलीला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगितली, मान सैल सोडायला सांगितली आणि मग डोळे उघडायला सांगितले. छिद्र डोळ्यासमोर नसेल तर दोष रायफलचा, मानेचा नव्हे, असे धरून माती कमी-जास्त करत गेलो. असे चार संध्याकाळी चालले, कारण ती शाळेतून दमून आली की खांदे वेगळे पडायचे आणि सुट्टीच्या दिवशी वेगळे. शेवटी जो आकार तीन वेळा लागोपाठ जुळला तो लाकडात उतरवला.

पॉलिशऐवजी जवसाचे तेल दिले. इथे एक सूचना करतो, कारण ती मला कोणी केली नव्हती: जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेते आणि तापते, आणि चुरगळलेल्या चिंधीतली उष्णता बाहेर पडू शकली नाही तर ती आपोआप पेट घेते. माझी चिंधी नुसती धुमसली आणि बाल्कनीत होती म्हणून निभावले. आता मी चिंध्या दोरीवर पसरून वाळवतो.

इथवर माझा अनुभव झाला. आता प्रश्न असा की, आपल्यापैकी जे स्वतःची रायफल किंवा पिस्तूल स्वतः सांभाळतात, ते हात कुठपर्यंत घालतात आणि कुठे थांबतात? सविस्तर लिहावे, ही विनंती.

दहा मीटर

आपले काम वाचून आनंद झाला. मी काही वर्षे नवशिक्यांना शिकवतो, म्हणून मापाचे महत्त्व आकड्यांत सांगतो. दहा मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटरने सरकते. रायफलच्या पुढच्या आणि मागच्या साईटमधले अंतर साधारण ८०० मिलिमीटर धरले, तर पुढची रिंग मागच्या छिद्राच्या मध्यापासून केवळ ०.१ मिलिमीटर सरकली तरी लक्ष्यावर सव्वा मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे अर्धा गुण गेला. साठ गोळ्यांच्या फेरीत, जिथे एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ याप्रमाणे कमाल ६५४ गुण असतात आणि अंतिम फेरीचा प्रवेश दशांशांवर ठरतो, तिथे मान ताणून नेम धरणाऱ्या मुलीचे किती नुकसान होत असेल, याचा हिशेब आपणच करावा. पालक नवीन छर्रे, नवीन जाकीट, नवीन बूट घेतात आणि गालाची पट्टी तशीच ठेवतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

एक मात्र तपासावे. शिसव अक्रोडापेक्षा बरीच जड असते. बटकडे वजन वाढले की तोल मागे जातो आणि नळीचे टोक हलके होऊन भिरभिरते. दहा मीटर रायफलचे एकूण वजन साडेपाच किलोपर्यंत चालते, पण वाढत्या वयाच्या मुलीने ती मर्यादा गाठण्याची काहीच गरज नाही. पट्टी आतून पोखरून हलकी करता येईल. आणि स्पर्धेपूर्वी बदललेला दस्ता उपकरण तपासणीत दाखवून घ्यावा, कारण घरी बनवलेल्या भागालाही मापाचे तेच नियम लागू असतात.

नवशिका

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. माझ्याकडे स्प्रिंगची साधी छऱ्याची बंदूक आहे. मित्राची भोसरीला लेथवर्कची शेड आहे. जास्त ताकदीची स्प्रिंग बसवून आणि नळी थोड्या मोठ्या व्यासाची करून तिचा जोर वाढवता येईल का? त्यासाठी मापे कोणी देऊ शकेल का?

शिवाजीनगर कोर्ट

नवशिका यांना आधी कायदा सांगतो, म्हणजे मापांचा विषय आपोआप मिटेल. शस्त्र अधिनियम १९५९ मधील अग्निशस्त्राच्या व्याख्येत स्फोटक किंवा 'अन्य प्रकारच्या ऊर्जेने' प्रक्षेपक फेकणारी शस्त्रे येतात. म्हणजे आपली हवेची बंदूक मुळात व्याख्येच्या आतच आहे. तिला परवाना लागत नाही, तो शस्त्र नियम २०१६ मधल्या सवलतीमुळे, आणि ती सवलत दोन अटींवर उभी आहे: नळीचा आतला व्यास ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा आणि छऱ्याची ऊर्जा २० जूलपेक्षा जास्त नसावी. आपण एकाच वाक्यात दोन्ही अटी मोडायला निघाला आहात.

पुढचे अधिक गंभीर आहे. कलम ५ नुसार अग्निशस्त्राची निर्मिती, विक्री, रूपांतर आणि दुरुस्ती यांना स्वतंत्र परवाना लागतो. विनापरवाना निर्मितीला कलम २५ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे. मित्राची शेड, मित्राचे लेथ, त्यामुळे मित्रही त्याच खटल्यात. 'हौस म्हणून केले' हा बचाव मी अजून कुठल्या न्यायालयात चाललेला पाहिलेला नाही. ही चर्चा उघड आहे म्हणून स्पष्ट लिहितो: इथे कोणी मापे देऊ नयेत आणि कोणी मागूही नयेत.

खडकीचा फिटर

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी यंत्राच्या बाजूने सांगतो, कारण तरुण मुलांना नुसते 'करू नको' म्हटले की त्यांची जिज्ञासा वाढते. मुळात जोर वाढवून नेम सुधारत नाही. ऑलिंपिकमध्ये ज्या रायफली वापरतात त्यांचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि तो सेकंदाला सुमारे १७५ मीटर वेगाने जातो. वेगाचा वर्ग, वस्तुमानाने गुणून निम्मा केला की ऊर्जा येते, ती आठ जूलच्या आसपास. म्हणजे जगातली सर्वांत अचूक हवेची रायफल कायद्याच्या मर्यादेच्या निम्म्यालाही पोचत नाही. ती अचूक असते, कारण प्रत्येक वेळी तोच वेग मिळतो आणि बंदूक हातात धक्का देत नाही. स्प्रिंगच्या बंदुकीत चाप ओढल्यावर जड पिस्टन पुढे धावतो, थांबतो, उसळतो, आणि हे सारे छर्रा नळीतून बाहेर पडण्याच्या आत घडते. स्प्रिंग जितकी ताकदवान, तितका हा गोंधळ मोठा.

शिवाय स्प्रिंग ताणाखाली बसवलेली असते. योग्य साधनाशिवाय मागचे टोपण खोलले तर ती बाहेर येताना बोट किंवा डोळा काहीही नेऊ शकते. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांच्या स्वयंपाकघरातल्या फरशीला अजून खड्डा आहे.

स्प्रिंगच्या बंदुकीची देखभाल मात्र अवश्य करावी, आणि तीन गोष्टी पाळाव्यात. रिकामी चालवू नये, कारण छर्रा नसला की पिस्टनपुढे हवेची उशी तयार होत नाही आणि तो थेट भिंतीवर आदळतो. दाबाच्या कोठडीत साधे मशीन तेल सोडू नये. डिझेल इंजिनात प्लग नसताना इंधन कसे पेटते ते आठवावे: हवा झपाट्याने दाबली की तापते आणि तेलाची वाफ पेटते, मोठा आवाज होतो, धूर येतो, आणि पोरांना वाटते की बंदुकीची ताकद वाढली. प्रत्यक्षात सील जळत असते. आणि तिसरे, आवाज किंवा जोर बदलला की ती उत्पादकाच्या माणसाकडे द्यावी, युट्यूबकडे नव्हे.

नवशिका

दोघांचेही आभार. जूलचा हिशेब मला ठाऊक नव्हता. प्रश्न मागे घेतो. मग या बंदुकीवर स्वतः करण्यासारखे काय उरते?

दहा मीटर

पुष्कळ उरते. छर्रे निवडून पाहावेत. चपट्या डोक्याचे छर्रे कागदावर गोल, स्वच्छ छिद्र पाडतात, म्हणून लक्ष्यवेधासाठी तेच वापरतात. त्यांच्या डोक्याचे व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर असे वेगवेगळे मिळतात आणि प्रत्येक नळीला त्यातला एक आवडतो. बंदूक टेकवून, एकाच जागी दहा-दहा छर्रे मारून कोणता गट सर्वांत लहान येतो ते वहीत लिहून ठेवावे. डबीतले स्कर्ट (मागची पोकळ कड) चेपलेले छर्रे बाजूला काढावेत. छर्रे शिशाचे असतात, म्हणून नंतर हात साबणाने धुवावेत, आणि ते तोंडात धरण्याची जी वाईट सवय काही जुन्या मंडळींना आहे ती उचलू नये.

चापाबद्दलही लिहितो. स्पर्धेच्या रायफलला चापाच्या वजनाची किमान मर्यादा नाही, पण एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅमची आहे. उत्पादकाने दिलेल्या स्क्रूने चाप हलका-जड करता येतो. तेवढेच करावे, आतला खाचेचा भाग कानशीने घासून चाप 'मऊ' करण्याचे उद्योग मी पाहिले आहेत आणि त्यांतली एक बंदूक नुसती टेबलावर आपटल्यावर सुटली. पिस्तुलवाल्यांनी घरी तपासण्यासाठी पाण्याची छोटी बाटली, हुक आणि दोरीसह वाण्याच्या काट्यावर बरोबर ५०० ग्रॅम भरावी. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून नळी उभी धरावी, चापाला बाटली अडकवून सावकाश उचलावी. चाप न सुटता बाटली वर आली की झाले.

शिसवी दस्ता

इथे माझी एक दुरुस्ती. कानशीच्या बाबतीत सहमत. पण उत्पादकाचे स्क्रूसुद्धा घरी फिरवण्यापूर्वी प्रत्येकाची मूळ स्थिती किती फेऱ्यांवर होती ते लिहून ठेवावे. मी लिहिले नव्हते. तीन दिवस मुलीचा चाप ओढीच्या पहिल्या, हलक्या टप्प्यातच सुटत होता आणि घरात कोणी माझ्याशी बोलत नव्हते.

जुना वाडा

विषयाला थोडा फाटा फोडतो, पण प्रश्न त्याच जातीचा आहे. शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्याच्या माळ्यावर पणजोबांच्या काळातली ठासणीची बंदूक सापडली. घोडा गंजून घट्ट झाला आहे, दस्त्याला भुंग्याने पोखरले आहे. ती घासूनपुसून, घोडा चालता करून दिवाणखान्यात लावावी, अशी इच्छा आहे. शिसवी दस्ता यांनी लाकडाबद्दल सल्ला द्यावा.

शिवाजीनगर कोर्ट

लाकडाआधी कलम ४५ वाचावे. जुन्या धाटणीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडके शस्त्र अधिनियमातून वगळलेले आहे खरे, परंतु ते 'दुरुस्ती करून किंवा न करता' अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसेल तरच. यातली मेख अशी की, आपली बंदूक आज गंजलेली आहे म्हणून ती आपोआप सुटत नाही, आणि आपण घोडा चालता केला तर सुटण्याची उरलेली शक्यताही स्वतःच्या हाताने घालवली. आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल, तर पुराणवस्तूंचा १९७२ चा कायदाही लागू होऊ शकतो.

संग्रहालयवाला

मी जुन्या वस्तूंच्या जतनाचे काम करतो, म्हणून एक तातडीची गोष्ट: ती बंदूक भरलेली असू शकते. माळ्यावरच्या ठासणीच्या बंदुका भरलेल्या सापडणे ही आमच्या कामात दुर्मीळ गोष्ट नाही. काळी दारू कोरडी राहिली, तर कितीही वर्षांनी पेटू शकते. तेव्हा नळी कोणाकडेही रोखू नये, उदबत्ती, दिवा, हेअर ड्रायर जवळ आणू नये, नळीत लोखंडी सळई खुपसू नये आणि घोड्याशी खेळू नये. ती रिकामी आहे की नाही हे परवानाधारक बंदूक दुरुस्तकाराने पाहावे.

त्यानंतर जतन म्हणाल, तर ते दुरुस्तीच्या उलट असते. पॉलिश पेपरने चकचकीत केलेली जुनी बंदूक म्हणजे पुसून टाकलेले दस्तऐवज. गंजाखाली कारागिराचे छाप, सोन्या-चांदीच्या तारांची कोफ्तगरी, नळीवरचे आकडे असू शकतात आणि ते एकदा घासले गेले की परत येत नाहीत. सैल गंज मऊ ब्रशने काढावा, वस्तू कोरड्या जागी ठेवावी, मेणाचा पातळ थर द्यावा. भुंग्याचा भुसा ताजा पडत असेल, तर दस्ता इतर लाकडापासून लगेच वेगळा करावा. बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रे आहेत. ती एकदा निवांत पाहावीत, म्हणजे जुनेपण कसे दिसायला हवे याचा अंदाज येईल.

जुना वाडा

घरच्यांना आत्ताच माळ्यावर जायला मनाई केली. उद्या चौकीत जातो.

खडकीचा फिटर

मूळ धाग्याकडे वळू. पावसाळा तोंडावर आहे. लाकडी दस्ता आषाढात फुगतो आणि चैत्रात आकसतो, त्यामुळे नळीची यंत्रणा दस्त्याला धरणारे दोन स्क्रू कधी आवळले जातात, कधी ढिले पडतात, आणि पोरे म्हणतात की साईट हलली. उत्पादकाने सांगितलेल्या जोराने टॉर्क पान्याने ते महिन्यातून एकदा तपासावेत. अंदाजाने पिळू नयेत. अॅल्युमिनियमचे दस्ते आले त्यामागे दिसण्यापेक्षा हे कारण मोठे आहे. नळीतून कोरडी फेल्टची गोळी फिरवावी, बाहेरून तेलाचा हात पुसावा आणि रायफल फोमच्या पेटीत बंद करून ठेवू नये, कारण फोम ओल धरतो. बालेवाडीहून भिजत आलेली पेटी तशीच कपाटात ठेवली, तर आठ दिवसांत नळीच्या तोंडाला तांबूस ठिपके दिसतात.

टोकियोत २०२१ मध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरीच्या मध्यातच बिघाड झाला, वेळ गेला आणि अंतिम फेरी थोडक्या गुणांनी हुकली. अशा पातळीवर उत्तम देखभाल असूनही जे घडू शकते, ते आपल्याकडे निष्काळजीपणाने घडू देऊ नये.

आणि शिसवी दस्ता, छर्रा फेकणारी दाबलेली हवा ज्यात असते, त्या नळकांड्याबद्दल, म्हणजे सिलेंडरबद्दल, आपण काहीच लिहिलेले नाही. वापरलेली रायफल घेतलीत, तेव्हा सिलेंडरवरची तारीख पाहिलीत का? त्यात २०० बारपर्यंत हवा असते, मोटारीच्या चाकातल्या हवेच्या सुमारे शंभर पट. बहुतेक उत्पादक त्याचे आयुष्य दहा वर्षे सांगतात, आणि ते मुदतीत आहे हे पाहण्याची जबाबदारी स्पर्धेच्या नियमांनुसार नेमबाजाची असते. भरताना सावकाश भरावे, फक्त कोरडी स्वच्छ हवा भरावी, ऑक्सिजन कधीही नाही. झडप गळू लागली तर ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) स्वतः बदलण्याचा मोह आपल्यासारख्या हातांना फार होतो, हे मला ठाऊक आहे, कारण मलाही होतो.

शिसवी दस्ता

फिटरसाहेब, आपला प्रतिसाद वाचून लगेच रायफल काढली. सिलेंडरवरचा शिक्का इतका बारीक आहे की भिंग घ्यावे लागले. दहा वर्षे गेल्या मार्चमध्येच पूर्ण झाली आहेत. म्हणजे ज्या महिन्यात मी चिरलेल्या पट्टीसाठी हळहळत होतो, त्याच महिन्यापासून मुलगी गालाशेजारी हे घेऊन उभी राहते आहे, आणि माझे लक्ष लाकडावर.

खरे सांगतो, पहिला विचार असा आला की वर्कशॉपमध्ये पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्यावी आणि आणखी दोन वर्षे चालवावे. तो विचार मुलीने ऐकला. तिने काही न बोलता रायफलवरून सिलेंडर उतरवला, पुस्तिकेत दिल्याप्रमाणे हवा हळूहळू सोडून तो रिकामा केला आणि माझ्या कानशींच्या खणात ठेवला. नवीन सिलेंडर विक्रेत्याकडे नोंदवला आहे, यायला पाच आठवडे लागतील. तोवर तिने दिवाणखान्याच्या भिंतीवर पाच मीटरसाठी निम्म्या मापाचे, सव्वापंधरा मिलिमीटरचे काळे लक्ष्य चिकटवले आहे आणि ती रोज संध्याकाळी छर्ऱ्याविना, हवेविना नुसता नेम धरून चाप ओढते. गालाची पट्टी दोन मिलिमीटर उंच वाटते असे काल म्हणाली. आज रंधा काढतो.